मेटलच्या मिनिएचरला प्रायमर: कुठला घ्यायचा, कसा मारायचा

मेटलच्या मिनिएचर, म्हणजे धातूत ओतलेल्या छोट्या फिगर, रंगवणाऱ्याला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येत असेल तर रंग उडण्याचा. आणि तो नेमका उडतो कुठून, तर तलवारीचं टोक, नाकाचा शेंडा, ढालीची कड, म्हणजे जिथे जीव ओतून काम केलेलं असतं तिथूनच. प्लास्टिकची फिगर टेबलावरून पडली तर फारतर हात सुटतो, परत चिकटवला की झालं, पण मेटलची पडली की वजनामुळे दणका चांगलाच बसतो आणि खालून पांढरा चकचकीत धातू डोकावायला लागतो. मग लोक म्हणतात रंगच हलका होता, वार्निशचा अजून एक हात मारायला पाहिजे होता वगैरे. बऱ्याच वेळा दोष ना रंगाचा असतो ना वार्निशचा, सगळ्यात खालचा थरच धातूला धरून बसलेला नसतो, आणि तो सुटला की वरचं सगळं पापुद्र्यासारखं त्याच्याबरोबर निघून येतं.

आता धातूलाच हा त्रास का ते आधी बघू, कारण ते कळलं की कुठला प्रायमर घ्यायचा हे निम्मं आपोआप कळतं. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा घ्या, त्याला कुठलाही रंग लावा, माती रंग पिऊन घेते, रंग आत जातो आणि तिथेच वाळतो, त्यामुळे प्रायमर नसला तरी चालून जातं. धातू काहीच पीत नाही. त्याला छिद्रं नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे रंगाला धरायला जागाच नाही, तो नुसता वर पडून राहतो. आपले जे पाण्याचे ॲक्रिलिक रंग असतात ते तर कोऱ्या धातूवर थेंब थेंब होऊन गोळा होतात आणि वाळल्यावर नखाने सोलून निघतात. प्रायमर म्हणजे असा थर की जो खालच्या बाजूला धातूला घट्ट चिकटेल आणि वरच्या बाजूला किंचित खरखरीत, मॅट राहील म्हणजे रंगाला पकड मिळेल. एकसारखा रंग मिळतो, खालचं डिटेल नीट दिसतं, हे फायदे आहेतच पण ते नंतरचे. मेटलवर पहिलं काम पकडीचं.

हा धातू म्हणजे नक्की काय, तर ज्याला व्हाइट मेटल किंवा प्यूटर म्हणतात तो बहुतेक कथील असतो, हो, कल्हईवालं तेच कथील, त्यात थोडं अँटिमनी, बिस्मथ, कधी तांबं मिसळलेलं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं त्यामुळे रबराच्या साच्यात ओतता येतं, आणि मिश्रणामुळे ते जरा कडक होतं, बारीक डिटेलही चांगलं उतरतं. जुन्या फिगरमध्ये शिशाचं प्रमाण बरंच असायचं, १९९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी शिसं सोडलं, पण जुना माल अजून हातोहात विकला जातो त्यामुळे सेकंडहँड घेताना हे लक्षात ठेवा. दिसायला काळपट, बोटाने सहज वाकणारी आणि अंगापेक्षा जड फिगर असेल तर शिसं आहे असं धरूनच चाला. त्याबद्दल खाली सांगतो.

तर आता तयारी. खरं सांगायचं तर प्रायमरच्या ब्रँडवरून लोक तासन् तास भांडतात आणि फिगर धुवायला पाच मिनिटं देत नाहीत. या फिगर कशा बनतात बघा, रबराच्या गोल साच्याचे दोन भाग एकमेकांवर दाबून तो गरागरा फिरवतात आणि मधून वितळलेला धातू ओततात, फिरण्याच्या जोराने धातू कोपऱ्या-कोपऱ्यात पोचतो. धातू सुटून यावा म्हणून साच्याला आधी पावडर लावतात, बहुतेक वेळा टाल्क. ती पावडर फिगरच्या घड्यांमध्ये, केसांत, चिलखताच्या कड्यांमध्ये बसलेली असते, डोळ्याला दिसत नाही. त्यावर तुमच्या बोटांचं तेल. आणि आपण प्रायमर मारतो तो धातूवर नाही, या पावडर-तेलाच्या थरावर, मग तो धरणार तरी कसा.

म्हणून क्रम असा ठेवायचा की आधी घासकाम, मग धुणं. साच्याच्या दोन भागांच्या जोडावर एक बारीक रेघ उठलेली असते, ती डोक्यावरून खांद्यावरून खाली पायापर्यंत जाते, ती बारीक कानशीने आणि जिथे कानस पोचत नाही तिथे कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडून काढायची. मग ६०० च्या वर नंबरचा पॉलिशपेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवायचा. सपाट मोठे भाग असतात ना, ढाल, झग्याची पाठ, घोड्याची मांडी, तिथे तर पेपर नक्की मारा कारण तिथे पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि बारीक ओरखडे पडले की प्रायमरला दात मिळतात. चेहऱ्यावर मात्र पेपर अजिबात नको. हे सगळं झालं की कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन घड्या-घड्यांतून घासा, भरपूर पाण्याने धुवा म्हणजे साबण मागे राहणार नाही. मेटलचा एक फायदा आहे की त्यावर ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) बिनधास्त चालतं, प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळून जाईल पण कथलाला काही होत नाही, त्यामुळे धुवून वाळल्यावर आयपीएमध्ये बुडवलेला ब्रश एकदा फिरवला की उरलंसुरलं तेलही जातं. फक्त सुपरग्लूने जोडलेले भाग असतील तर ॲसिटोन नको, जोड सुटतात. आणि त्यानंतर फिगरला बोट लावायचं नाही म्हणजे नाही. बाटलीच्या बुचावर डबल टेपने किंवा ब्लू टॅकने (चिकट पुट्टीने) बसवा आणि बूच धरा.

आता दुकानात गेल्यावर. हार्डवेअरच्या दुकानात "मेटल प्रायमर द्या" म्हणालात तर समोरचा माणूस तुमच्या हातात रेड ऑक्साइडचा डबा देईल, आणि त्याचं काही चुकलं नाही, खिडकीच्या ग्रिलला, गेटला तोच लागतो. पण तो ब्रशने मारायचा जाड प्रायमर आहे, गंज थांबवायला केलेला, आणि कथलाला तसा गंज चढतच नाही. त्याचा थर आपल्या कामाला फार जाड होतो. हिशोब करून बघा, २८ मिलिमीटरची फिगर म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण छप्पन्नाव्या हिश्श्याची. तिच्यावर एक दशांश मिलिमीटरचा थर बसला तर खऱ्या माणसावर साडेपाच मिलिमीटरचा लेप दिल्यासारखं झालं. चिलखताच्या कड्या भरल्या, बोटं एकमेकांना चिकटली, डोळे गेले. त्याच दुकानात पिवळट रंगाचा झिंक क्रोमेट प्रायमरही मिळतो, ॲल्युमिनियमसाठी, तो तर घेऊच नका, त्यातलं क्रोमियम कॅन्सरला कारण ठरणारं आहे, घरात बसून उडवायची वस्तू नाही ती.

आपल्या कामाचे प्रायमर मोटामोटी तीन जातीचे. पहिले सॉल्व्हंटवाले, म्हणजे लॅकर किंवा तत्सम. टामियाचा सरफेस प्रायमर, मिस्टर हॉबीचा मिस्टर सरफेसर, सिटाडेलचे आणि आर्मी पेंटरचे स्प्रे, गाड्यांच्या टचअपचे प्रायमर स्प्रे, हे सगळे ढोबळमानाने याच घरातले, जरी आतला माल प्रत्येकाचा वेगळा असला तरी. यातलं थिनर झटकन उडून जातं आणि पातळ, कडक, घट्ट चिकटलेला थर राहतो. मेटलसाठी माझं पहिलं मत यालाच. मिस्टर सरफेसरवर ५००, १०००, १२००, १५०० असे नंबर असतात, नंबर जितका मोठा तितका प्रायमर बारीक, पॉलिशपेपरसारखंच, त्यामुळे ५०० हा खड्डे बुजवायला आणि १००० च्या पुढचे फिगरवर मारायला.

दुसरी जात पाण्याच्या ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमरची, वायेहोचा सरफेस प्रायमर किंवा बॅजरचा स्टायनिलरेझ. वास जवळजवळ नाही, ब्रशने लावता येतो, एअरब्रशने मारता येतो, लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोयीचा. बाटलीवर लिहिलेलं असतं की मेटलवरही चालतो, आणि चालतो, पण अटी लागू. एक तर फिगर खरंच स्वच्छ हवी, आणि दुसरं म्हणजे त्याला वेळ द्यायला हवा. हा प्रायमर अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो पण आतून पक्का व्हायला पूर्ण दिवस लागतो, मेटलवर मी दोन दिवस सांगेन, आणि त्याच्या आत नख लागलं की रबरासारखा ताणून सोलून निघतो. यातल्या वायेहोच्या प्रायमरला पॉलिशपेपर मारायला जाऊ नका, तो घासला जात नाही, फाटतो. लोक या जातीला शिव्या देतात त्या बहुतेक पक्कं व्हायला वेळ न देण्याच्या घाईमुळे.

तिसरे एच (etch) प्रायमर, म्हणजे ज्यांच्यात थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं आणि ते धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊन त्याच्याशी रासायनिक बंध जुळवतात. डेंटिंग-पेंटिंगवाल्या गॅरेजमध्ये उघड्या पत्र्यावर हे मारतात. पकड जबरदस्त, पण ते बनवलेत स्टील, ॲल्युमिनियम, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी, वास भयंकर आणि फिगरवर त्यांची गरज क्वचितच लागते. पितळेचे बारीक कापलेले भाग असतील, झेंड्याचा दांडा, लगाम, भाल्याची काठी, तिथे मात्र साध्या प्रायमरला पकड मिळायला त्रास होतो. त्यासाठी टामिया आणि मिस्टर हॉबी दोघांचेही छोट्या बाटलीतले पारदर्शक मेटल प्रायमर येतात, ते ब्रशने फक्त पितळेवर लावायचे, वाळू द्यायचे आणि मग सगळ्या फिगरवर नेहमीचा प्रायमर. पाण्याचा ॲक्रिलिक प्रायमरच वापरायचा असेल तर अख्ख्या फिगरवर हा पारदर्शक थर आधी द्यायची युक्तीही चांगली चालते.

भारतात अजून एक अडचण आहे, स्प्रे कॅनमध्ये पेटणारा वायू असतो म्हणून विमानाने येणाऱ्या पार्सलमध्ये ते धोकादायक माल धरले जातात, त्यामुळे परदेशी हॉबी स्प्रे एक तर मिळत नाहीत किंवा मिळाले तर किंमत ऐकून घरी परत यावंसं वाटतं. अशा वेळी गाड्यांचं पेंट विकणाऱ्या दुकानातला ग्रे प्रायमरचा स्प्रे घ्या. तो मेटलवर धरायलाच बनवलेला आहे, आणि व्हाइट मेटलवर तो चांगलाच धरतो. फक्त दोन गोष्टी बघायच्या, कॅनवर "हाय बिल्ड" किंवा "फिलर" लिहिलेलं नको कारण तो मुद्दाम जाड थर देतो, पत्र्यावरचे ओरखडे बुजवायला, आणि तो आपल्या फिगरचे डोळेही तितक्याच प्रेमाने बुजवेल. आणि पहिल्यांदा मारताना चांगल्या फिगरवर नको, घासताना निघालेल्या धातूच्या तुकड्यावर किंवा चमच्यावर मारून बघा, नोझल कसं उडवतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. प्लास्टिकच्या फिगरवर हाच स्प्रे जपून, काही स्प्रेंचं थिनर प्लास्टिक खातं, मेटलवाल्यांना ती चिंता नाही.

आता मारायचा कसा. सगळ्यात आधी कॅन हलवा, आतली गोळी खडखडायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. रंगद्रव्य तळाला बसलेलं असतं, ते नीट मिसळलं नाही तर आधी पाणीदार थिनर येतं आणि शेवटी गाळ. फिगरपासून साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतर. नोझल फिगरवर धरून दाबायचं नाही, बाजूला हवेत दाबायला सुरुवात करायची, फिगरवरून हात फिरवत न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं, कारण दाबताना आणि सोडताना नोझलमधून मोठे थेंब पडतात आणि ते हवेतच पडलेले बरे. पहिला हात इतका हलका की खालचा धातू अजून दिसतोय, माणसाला वाटतं काहीच झालं नाही, पण तेच बरोबर आहे. दहा-पंधरा मिनिटांनी फिगर फिरवून दुसरा, मग आडवी करून खालून, कारण हनुवटीखाली, झग्याच्या आत, काखेत वरून मारलेला स्प्रे कधीच पोचत नाही आणि तो पोचावा म्हणून वरून मारत राहिलं की डोक्यावर थर साचतो. दोन-तीन हातांत जे कोपरे राहिले ते तसेच राहू द्या आणि नंतर ब्रशने पाण्याचा प्रायमर टेकवा, तिथे कुणाचं बोट लागणार नाहीये. काही कॅनवर लिहिलेलं असतं की दुसरा हात तासाभराच्या आत द्या नाहीतर एकदम दुसऱ्या दिवशी, ते पाळा, मधल्याच वेळेत मारला तर खालचा अर्धवट वाळलेला थर सुरकुततो.

हवामान हा आपल्याकडचा खरा व्हिलन. इंग्रजी व्हिडिओंमध्ये थंडीची भीती घालतात, आपल्याला मुंबई-कोकणात भीती आहे ती दमटपणाची. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. स्प्रेमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार करतं, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते आणि ओल्या प्रायमरमध्ये अडकते, मग वाळल्यावर पांढुरकी धुरकट झाक येते, काळ्या प्रायमरवर तर लगेच दिसते. अशी हवा असेल तर सॉल्व्हंटचा स्प्रे बाजूला ठेवा, ६०-६५ टक्क्यांच्या खाली आर्द्रता आली की मारा, नाहीतर त्या सीझनपुरता ब्रशवाला प्रायमर बरा. आणि एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही, एसीच्या खोलीत ठेवलेली फिगर तशीच उचलून पावसाळी गॅलरीत नेऊ नका. मेटल गार झालेलं असतं, बाहेरच्या दमट हवेत त्यावर दव धरतं, इतकं बारीक की दिसत नाही, आणि तुम्ही त्या पाण्यावर प्रायमर मारता. आधी अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

याच्या उलट विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात काय होतं, प्रायमरचे थेंब फिगरपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतात आणि फिगरवर धुळीसारखे बसतात, हात लावला तर पॉलिशपेपरसारखं लागतं. उन्हात तापलेली फिगर असेल तर अजूनच. तिथे सकाळी लवकर मारा, सावलीत, आणि अंतर थोडं कमी करा. नाशिक-पुण्याच्या थंडीत कॅन गार पडला की दाब कमी होतो आणि थुंकल्यासारखे थेंब येतात, तेव्हा कॅन कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभा करून ठेवा. कोमट म्हणजे अंघोळीच्या पाण्याइतपतच, गॅसजवळ नाही, उकळतं पाणी तर अजिबात नाही, ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो हे त्याच्यावरच छापलेलं असतं.

ब्रशने लावणाऱ्यांसाठी, मऊ आणि जरा रुंद ब्रश घ्या, प्रायमर कमी घ्या आणि पसरवत न्या. लावल्यावर पहिल्यांदा भयाण दिसतो, ढगाळ, कुठे जाड कुठे पातळ, बुडबुडे वेगळेच, पण वाळताना तो आक्रसतो आणि डिटेलवर ताणून बसतो, त्यामुळे अर्धवट ओला असताना परत परत ब्रश फिरवायचा मोह टाळा. फक्त खाचांमध्ये साचलेलं डबकं कोरड्या ब्रशने टिपून घ्या. वायेहोच्या प्रायमरमध्ये पाणी घालू नका, कंपनी स्वतःच सांगते तसं, पाण्याने त्याची पकड जाते आणि ती गेली तर मग घेतलाय कशाला.

काळा, पांढरा का ग्रे या वादात मी ग्रेच्या बाजूने. ग्रेवर राहिलेली साच्याची रेघ, कानशीचे ओरखडे लगेच दिसतात आणि त्या वेळी सुधारता येतं. चिलखत, तोफा, जास्त मेटॅलिक रंग असेल तर काळा, कारण मेटॅलिक रंग काळ्यावर खुलतात आणि खाच रिकामी राहिली तरी सावली वाटते. पिवळा, लाल, भगवा द्यायचा असेल तर पांढरा किंवा हलका ग्रे, काळ्यावर पिवळा चढवत बसलात तर थरांवर थर द्यावे लागतील. पांढरे स्प्रे मात्र जास्त खरखरीत येतात, पावडरीसारखे, म्हणून मी आधी ग्रेचा हात देतो आणि मग फक्त वरून, ऊन पडतं त्या कोनातून, हलका पांढरा. त्यात सावल्या कुठे पडतात तेही दिसतं आणि पांढऱ्याचा जाड थर टळतो.

सुरक्षेचं पटकन सांगतो पण हलक्यात घेऊ नका. स्प्रे उघड्यावर मारा, आणि कापडी किंवा सर्जिकल मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्याला कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो. शिशाची जुनी फिगर असेल तर कोरडी कानस नाही, ओला पेपर वापरा, खाली वर्तमानपत्र, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरायचा नाही आणि लहान मुलांच्या हातात ती द्यायची नाही. अशा फिगरवर कधी पांढरी भुकटी आलेली दिसते. ते शिसं सडतंय, लाकडी कपाटातून किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या वाफेमुळे होतं ते, आणि प्रायमर मारून झाकलं तर आत चालूच राहतं. फिगर व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ करा असा सल्ला सर्रास दिला जातो, कथलाच्या नव्या फिगरला तो ठीक आहे, शिशाच्या फिगरला नाही, कारण व्हिनेगर म्हणजे तेच ॲसिड. भुकटी पाण्याखाली ब्रशने काढा, पूर्ण वाळवा, मग प्रायमर, आणि पुढे ती काचेच्या किंवा धातूच्या कपाटात ठेवा.

प्रायमर बसलाय का हे बघायचं असेल तर दोन दिवसांनी तळाला, जिथे कोणी बघत नाही तिथे, मास्किंग टेप दाबून लावा आणि सरळ वर ओढा. टेपवर रंगाचे पापुद्रे आले तर रंगवायला बसू नका, धुण्यात काहीतरी राहिलंय. मग काढून परत, आणि इथे मेटलवाले नशीबवान, कारण ॲसिटोनच्या बरणीत रात्रभर ठेवलं की सॉल्व्हंटवाले प्रायमर बहुतेक उतरतात, बरणी मात्र काचेची घ्या, झाकण घट्ट आणि जवळपास गॅस किंवा देवघरातला दिवा नको. पाण्याचे ॲक्रिलिक डेटॉलमध्येही सुटतात, तपकिरी, न मिसळलेलं डेटॉल, इंग्लंडातल्या हॉबीवाल्यांची ही जुनी खोड. एकच, डेटॉलमधून काढल्यावर लगेच नळाखाली धरू नका, पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट काळा डिंक होतो आणि तो ब्रशला, सिंकला, हाताला, सगळीकडे लागतो. आधी डेटॉलमध्येच ब्रशने घासून रंग काढा, मग साबण, मग पाणी, आणि सुपरग्लूने लावलेले हात-तलवारी सुटून बरणीच्या तळाला गेले असतील तर ते ओतून द्यायच्या आधी चाळणीने गाळून घ्या.